अल्पशा आजाराने म्हणजे कशाने?

बाई पेपर मागच्या बाजूने वाचायच्या. आतल्या पानावर निधनवार्ता असत, आधी त्या. चष्मा कपाळावर चढवायचा, कागद नाकाशी आणायचा आणि एकेक वार्ता वाचायची. जिथं 'अल्पशा आजाराने निधन झाले' असं छापलेलं असेल तिथं बोट ठेवून त्या मला हाक मारायच्या.

"हे पाहा. अल्पशा आजाराने. अल्पसा म्हणजे कोणता? सर्दी झालती का त्याले?"

मी शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत असायचे. डब्यात पोळ्या भरता भरता "काय माहीत" म्हणायचे. तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही. मयत माणूस पांढरकवड्याचा किंवा जवळपासच्या गावचा असला, तर मधे थोडे दिवस जाऊ देऊन बाई त्या घरी भेटायला जायच्या. गावातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी आणि उरलेले विद्यार्थ्यांचे आईबाप, त्यामुळे ओळख निघायचीच. सांत्वनाचं बोलून झालं की बाई आवाज खाली आणायच्या. त्यांचा खालचा आवाज म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत आरामात पोचेल असा. त्या आवाजात विचारायच्या, "शौचातून रक्त जायचं का हो त्यांच्या?"

कोणी हाकलून दिलं नाही, कारण त्या मुख्याध्यापिका होत्या. पण नंतर त्या गल्लीत दिसल्या की दारं हळूच लोटली जात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. माघारी लोक त्यांना संडासबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं.

मी अकोल्याहून इथल्या शाळेत नोकरीला आले, तेव्हा बाई निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. सामान अजून दारातच होतं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आईवडील किती वयाचे?" मला वाटलं घरची चौकशी चालली आहे. मी सांगितलं, दोघंही साठीच्या आसपास.

"मग आतड्याची तपासणी झाली का त्यांची?"

"नाही. त्यांना काही त्रास नाहीये."

"त्रास झाल्यावर तपासणी नसते पोरी. त्रास झाल्यावर धावाधाव असते."

त्या वेळी मला त्या विचित्र वाटल्या. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर राहिले, आणि त्या विचित्र होत्याच, हे मत काही बदललं नाही.

दिसायला अगदी साध्या. पांढऱ्या सुती साडीला बारीक काठ, मनगटावर पुरुषी घड्याळ, ते सारखं कोपराकडे घसरायचं. खांद्याला कापडी पिशवी. रोज पपई खायच्या आणि मलाही खायला लावायच्या. त्यांना दोन भाषा येत. शरीराच्या अवयवांबद्दल बोलताना त्या पाठ्यपुस्तकातलं शुद्ध मराठी बोलत, 'मोठे आतडे', 'गुदाशय', जणू फळ्यावर आकृती काढलेली आहे. आणि माणसांवर चिडल्या की वऱ्हाडी. 'परसाकडे', 'दोन नंबर', 'बाहेर जाणं' असल्या आडवळणांचा त्यांना भयंकर राग. कोणी म्हणालं की आजोबांना 'तिकडचा' त्रास आहे, तर त्या म्हणत, "तिकडचा म्हणजे कुठचा? आदिलाबादचा?"

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात मरणाची बातमी शोधत बाहेरून खूप माणसं येत. कापसाची वाईट वर्षं होती ती. एसटी स्टँडवर गळ्यात कॅमेरे अडकवलेली पोरं उतरायची, चहा प्यायची आणि कोणत्या गावाला जायचं ते विचारायची. एकदा असाच एक तरुण पत्रकार बाईंच्या तावडीत सापडला. बाईंनी त्याला घरी आणलं, पोहे दिले आणि नवऱ्याच्या मरणाची सगळी हकिगत सांगितली. पोरगा भला होता. त्याने ऐकून घेतलं. मग पेन हातात धरून विचारलं, "ते शेतकरी होते का?"

"नाही. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवायचे."

त्याने पेनाला टोपण लावलं. बाईंना त्याचा राग आला नाही. त्याला स्टँडपर्यंत सोडून आल्या आणि मला म्हणाल्या, "त्याचंही बरोबर आहे. त्याले एकाच मरणासाठी पाठवलं आहे."

ती नवऱ्याची हकिगत मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता ती माझ्याच घरात घडली असं वाटतं. साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, अत्यंत टापटिपीचे गृहस्थ होते. केंद्रावर दिवसभर कापसाच्या ढिगांमध्ये वावरूनही घरी येताना अंगावर तंतू नसायचा. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एक नवीन सवय धरली. आपले कपडे आपणच धुवायचे. पहाटे बाई उठायच्या आत त्यांचे पायजमे दोरीवर वाळत पडलेले असायचे.

"मले वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललं," बाई सांगायच्या. "शेजारणीले सांगतलं मी. म्हटलं, आमचे हे मले कपड्याले हात लावू देत नाहीत. मिरवलं मी, समजलं? मिरवलं."

पायजम्यांना रक्त लागायचं. साहेबांनी ते कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. बाजाराच्या रस्त्याला एक मूळव्याधवाला बसायचा. भिंतीवर लाल रंगात 'बिना ऑपरेशन, शर्तिया इलाज' असं लिहिलेलं. त्याच्याकडून पुड्या आणायचे आणि गरम पाण्यात घ्यायचे. वजन उतरलं तेव्हा म्हणाले, सायंकाळचं जेवण सोडलं आहे. धाप लागायला लागली तेव्हा म्हणाले, वय झालं. शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा नागपूरला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि बंद केलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की दोनेक वर्षं आधी आले असते तर हे निघालं असतं. त्याचा हेतू वाईट नसेल. पण ते वाक्य बाईंच्या आत जाऊन बसलं आणि पुन्हा कधी बाहेर आलं नाही.

त्याच डॉक्टरकडून त्यांनी खोदून खोदून सगळं विचारून घेतलं होतं. पन्नाशी उलटली की त्रास असो नसो, शौचातलं लपलेलं रक्त तपासून घ्यायचं, दरसाल घ्यायचं. डोळ्यांना दिसत नाही तेव्हाच ते पकडायचं असतं. रक्त निघालं तर घाबरायचं नाही, पण दुर्बिणीने आतडं बघून घ्यायचं. आणि ज्यांच्या घरात आधी कोणाला हा रोग झाला असेल त्यांनी तर मुळीच टाळायचं नाही.

हे शेवटचं ऐकून बाईंना आपले वडील आठवले. ते बाईंच्या माहेरी, मुकुटबनला, पोटाच्या दुखण्यानेच गेले होते. वैद्य संग्रहणी म्हणाला होता. पण शेवटच्या महिन्यांतलं ते रक्त, ते सुकत जाणं, बाईंनी लहानपणी पाहिलं होतं. नवऱ्याचे दिवस झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते स्वतःची तपासणी. काही निघालं नाही. मग त्या लोकांच्या मागे लागल्या.

गावातल्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होत होती. अडचण एवढीच, की नमुना घेऊन कोणी जात नव्हतं. बाईंनी त्यावर उपाय काढला. फोटोच्या रोलच्या डब्या. काळ्या, झाकण घट्ट बसणाऱ्या. बाजारपेठेत एका मुसलमान तरुणाचा फोटो स्टुडिओ होता, तोही बाईंचा विद्यार्थी. रिकाम्या डब्या तो पिशवी भरून द्यायचा. बाई त्या उकळून उन्हात वाळवायच्या. आमच्या अंगणात पापडांच्या शेजारी त्या काळ्या डब्या पसरलेल्या असायच्या आणि मी कधीच त्या अंगणातला पापड खाल्ला नाही.

पिशवीत डब्या घेऊन बाई लग्नात जायच्या, हळदीकुंकवाला जायच्या. नवरात्रात केळापूरला देवीच्या दर्शनाची रांग लागते. तिथं रांगेच्या कडेला उभ्या राहायच्या. रांगेतला माणूस पळून जाऊ शकत नाही, हा त्यांचा हिशेब. एकेका म्हाताऱ्याला गाठून म्हणायच्या, "काका, देवीले ओटी भरून झाली की ही डबीही भरा." काही हसायचे. काही जण शिव्या द्यायचे. एका बाईने डबी प्रसाद समजून डोक्याला लावली, आणि आत काहीच नाही हे पाहून परत द्यायला आली. शंभरात एखादा माणूस खरंच दवाखान्यात जायचा. बाकीच्या डब्यांमध्ये लोक काय ठेवत असत, सुया-दोरे की तंबाखू, देव जाणे.

मी थकून जायचे. शाळेतून यावं तर ओट्यावर कोणीतरी नाराज सासरा बसलेला, त्याची सून रडवेली, आणि बाई मोठ्या आतड्याची लांबी सांगत आहेत. मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येते ना. रोज येते," त्या म्हणाल्या. पायांना तेल चोळत होत्या. गुडघे गेले होते तोपर्यंत. "लोक म्हणतात बाईले नाद लागला. नादाची माणसं खुशीत असतात. मी कधी खुशीत दिसली का तुले?"

नव्हत्याच दिसल्या.

स्टुडिओवाल्याचं प्रकरण त्याच सुमाराचं. बाईंनी त्याला विचारलं, "इतक्या डब्या देतो, अब्बांना एक दिली का?" तो मान खाली घालून म्हणाला, "बाईजी, अब्बांसमोर मी आजवर जोरात हसलो नाही. ही गोष्ट कशी बोलू? जबान उचलत नाही." बाई स्वतः गेल्या. त्या वृद्ध गृहस्थांनी त्यांना खुर्ची दिली, सरबत मागवलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आप जैसा कहेंगी बाई. इंशाअल्लाह." त्यांनी काही केलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर त्यांना नागपूरला नेलं तेव्हा तेच निघालं आणि फार पसरलेलं निघालं. अब्बांना माती देऊन आल्यावरही तो मुलगा डब्या देत राहिला. पण पिशवी पुढे करताना बाईंकडे बघायचा नाही. पुढे रोलचे कॅमेरे गेले, डब्याही गेल्या. मला वाटतं, त्याला सुटल्यासारखं झालं असेल.

आता मुकुटबनचं.

बाईंचे थोरले भाऊ तिथं राहत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. ताठ माणूस. स्वतःची शेती, पांढरी टोपी, गावातल्या भांडणात निवाड्याला त्यांना बोलावत. वडिलांसारखे दिसायचे, आणि बाईंना नेमकी त्याचीच भीती वाटायची. त्या दर सुट्टीला एसटीने मुकुटबनला जायच्या, डबी पुढे करायच्या, दादा विषय बदलायचे. कधी कपाशीच्या पऱ्हाटीवर आलेला लाल्या रोग, कधी तुरीचा भाव. हे काही वर्षं चाललं. एकदा बाई मलाही घेऊन गेल्या. मला वाटलं, हवापालट होईल.

घरी न जाता त्या थेट ग्रामपंचायतीसमोर गेल्या. कडुनिंबाखालच्या ओट्यावर दादा आणि गावातले जाणते लोक बसलेले होते. बाईंनी पिशवीतून डबी काढली.

"दादा, हे घे."

दादांनी डबीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. "घरी चाल तू."

"घरी तू टाळून राह्यला इतके वर्षं. इथं घे."

"लाज नाही का तुले? चार लोकाईत..."

"बाबा गेले तवा खांदा द्यायले चार लोकच आलते. तवा लाज नाही वाटली कोणाले."

एका म्हाताऱ्याने कुतूहलाने विचारलं, "काय आहे वो बाई त्या डबीत?"

"आता काहीच नाही. उद्या सकाळी दादा भरून देणार आहे."

ओट्यावर जो हशा उठला तो मला अजून ऐकू येतो. दादांनी डबी हिसकावून रस्त्यावर फेकली आणि तरातरा घराकडे निघून गेले. बाईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, आता तो घ्यायला येईपर्यंत इथून उठणार नाही. दुपार झाली. ऊन ओट्यावर आलं. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बाई पाणी प्यायल्या आणि घराच्या दिशेने नजर ठेवूनच तांब्या परत दिला. वहिनी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग गेल्या. संध्याकाळची गाडी यायच्या सुमाराला दादा आले. कोणाकडे न पाहता डबी उचलली, बंडीच्या खिशात टाकली आणि परत फिरले.

तपासणीत रक्त निघालं. बाईंनी त्यांना नागपूरला नेलं, म्हणजे ते पुढच्या बाकावर आणि बाई मागच्या. दुर्बिणीतून बघताना आतड्यात बोराएवढा एक कोंब सापडला. तो तिथल्या तिथे काढला. तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले, हा वाईट वळणावर लागलेला होता, अजून काही वर्षांनी कॅन्सरच झाला असता. आता भीती नाही. बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

दादांनी परतीच्या वाटेवर एकच गोष्ट सांगितली. पांढरकवड्याच्या स्टँडवर, बाई उतरत असताना. "जीव वाचवला तू माह्या. पण गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. आजपासून तुहं माहं बोलणं बंद."

आणि खरंच बंद झालं. गावातल्या पोरांनी त्यांचं नाव 'डबी' पाडलं होतं. निवाड्याला बोलावणं कमी झालं. एका भांडणात कोणीतरी म्हणालं, आधी डबी भरून या. दादा ओट्यावर बसेनासे झाले.

भाऊबीजेला बाई तरीही जायच्या. त्या येणार हे कळलं की दादा शेतात निघून जायचे. पहिल्या वर्षी बाईंनी वाट पाहिली. मग खुंटीवरची त्यांची टोपी काढली, पाटावर ठेवली आणि टोपीला ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. वहिनी शेजारी तबक धरून उभ्या होत्या. पुढे दर वर्षी तेच. एकदा मी बरोबर गेले होते, तेव्हा परतताना एसटीत म्हटलं, "बाई, वाईट वाटतं हो." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर कापूस फुटलेला होता आणि वेचायला मजूर मिळत नव्हते.

"रागावून राह्यला ना तो," त्या म्हणाल्या. "रागावू दे. रागवायले जिता माणूस लागते."

त्यानंतर मात्र बाई खचल्या. डब्या संपल्या होत्या, गुडघे चालू देत नव्हते. कोणाच्या दारी जाणं बंद झालं. निधनवार्ता वाचायच्या, पण हाक मारायच्या नाहीत. एक दिवस म्हणाल्या, "आता पुरे. मी काही सगळ्यांची आई नाही." मलाही बरं वाटलं होतं.

अशातच एका दुपारी वहिनी दारात उभ्या राहिल्या. एकट्या. त्या कधी एकट्या एसटीत बसल्या नव्हत्या. केळापूरला देवीला जाऊन येते, असं घरी सांगून आल्या होत्या. बाई धडपडत उठल्या. "काय झालं? दादाले काय झालं? पुन्हा रक्त निघालं का? दरसालची तपासणी केली का त्यानं?"

"ते बरे आहेत. तपासणी करतात दरसाल. चोरून करतात, पण करतात."

"मग? भूक लागते का त्याले? वजन?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी पाणी दिलं. बाई दादांबद्दल विचारत राहिल्या आणि वहिनी प्रत्येक प्रश्नाला बरं आहे, बरं आहे म्हणत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "ताई, तुम्ही साऱ्या दुनियेले विचारलं. रांगेत उभं राहून विचारलं. मले नाही विचारलं कधी."

बाई सावकाश वहिनींच्या शेजारी खाली बसल्या, गुडघे दुखत असताना. आणि जो प्रश्न त्यांनी हजारो लोकांना मोठ्याने विचारला होता, तो मला ऐकू येणार नाही इतक्या हळू विचारला.

वहिनींनी मान हलवली.

"कधीपासून?"

"दोन कापूस झाले."

बाईंना वडील आठवले म्हणून भाऊ आठवला होता. भावापायी त्यांनी गाव डोक्यावर घेतलं, दिवसभर उन्हात बसल्या, टोपीला ओवाळलं. तांब्या घेऊन, तबक धरून जी भावजय दर वेळी शेजारी उभी होती, तिला एक डबी दिली नव्हती. ती आपल्या रक्ताची नाही, म्हणून नाव डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी वहिनी आत आडव्या झाल्या होत्या तेव्हा बाई मला म्हणाल्या, "साहेबही माह्या रक्ताचे नव्हते. एवढंही समजलं नाही मले." दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो.

उशीर झाला होता, पण सगळं हाताबाहेर गेलं नव्हतं. गाठ अगदी खाली होती. ऑपरेशन झालं, आणि शौचाची वाट बंद करून पोटावर पिशवी लावावी लागली, कायमची. दादा निरोप मिळताच आले. कॉरिडॉरमध्ये एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला बाई आणि मधे मी. बाईंशी बोलायचं नाही म्हणून मला सांगायचे, "मॅडम, तुमच्या बाईले सांगा, घरी जाऊन आराम करा." बाईही मलाच सांगायच्या, "त्याले म्हणा, मी इथंच आहे." दोघं एकमेकांना स्वच्छ ऐकू जातील अशा अंतरावर होते.

घरी सोडायच्या आधी नर्स पिशवी बदलायला शिकवायला आली. "घरी कोण करणार हे? सून आहे का?" मुलगा-सून चंद्रपूरला होते. बाई पुढे झाल्या. "मी करेन. मी राहायला जाईन तिकडं."

"मी," दादा म्हणाले.

नर्सने त्यांच्या टोपीकडे पाहिलं. "आजोबा, रोज साफ करावं लागते. जमेल का?"

"दाखवा तुम्ही."

ते वाकून बघत राहिले. वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. बाई कॉरिडॉरमध्ये निघून गेल्या.

वहिनी त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, बाईंच्या मागेही जगल्या. बाई गेल्या त्या हृदयाच्या झटक्याने, एका सकाळी, अंगणात. पेपरात काय छापायचं ते मीच सांगितलं. हृदयविकाराने, असं स्पष्ट.

पण मला आठवते ती ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यातली मुकुटबनची खेप. वहिनींना बघायला बाई आणि मी गेलो होतो. दादा शेतात गेले असतील असं आम्ही धरून चाललो होतो. ओसरीत कोणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून वहिनींचा आवाज आला, "हळू ना वो! कापसाची गाठोडी बांधून राह्यले का?" मग दादांचं काहीतरी पुटपुटणं. आणि वहिनी हसल्या. त्यांना मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बाई दारापाशी थांबल्या. आत जावं की परत फिरावं, हे त्यांना कळेना. त्यांनी माझा हात धरला.

थोड्या वेळाने दार उघडलं. दादा बाहेर आले. बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, डोक्यावर टोपी नाही. हातात घमेलं. आम्हाला पाहून थबकले. मागच्या अंगणात गेले, घमेलं धुतलं, साबण लावून हात पुन्हा पुन्हा धुतले. आम्ही उभ्याच होतो. ते परत आले तेव्हा मी वाट पाहत होते, की आता मला म्हणतील, मॅडम, तुमच्या बाईले सांगा.

ते बाईंसमोर येऊन उभे राहिले. पंच्याने हात पुसत होते.

"त्या पिशव्या यवतमाळले भेटतात का?" त्यांनी विचारलं. "नागपूर लय लांब पडते."

बाईंनी पदर तोंडाशी नेला, खाली घेतला.

"भेटतात," त्या म्हणाल्या. "माप कोणतं लागते तिले?"

"ते मले सांगता नाही येत. चाल अंदर, दाखवतो."

आणि दार पूर्ण उघडून ते बाजूला झाले.